पहिल्या वळणावरचे ज्येष्ठ नागरिक

आयरेसिंग या संगणकावरच्या मोटारशर्यतींच्या खेळाचे आपण नुकतेच सभासद झाला असाल आणि शर्यत सुरू होण्यापूर्वी चॅटमध्ये ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्या’ असे नम्रपणे लिहिण्याचा आपला विचार असेल, तर कृपया तो विचार सोडून द्यावा. नवखेपणा हा येथे गुन्हा नाही. मात्र पुढे जो काही गुन्हा घडेल त्यात आरोपी कोण, हे त्या एका वाक्याने आधीच ठरून जाते. त्यापेक्षा लवकरात लवकर जुनेजाणते व्हावे, आणि त्यासाठी पंधरा-सोळा वर्षे खेळत बसण्याचीही आवश्यकता नाही. जुन्या खेळाडूकडे वेग असतो, संयम असतो, गाडीची नस ओळखण्याची हातोटी असते, असा एक समज आहे आणि काही जुन्या खेळाडूंच्या बाबतीत तो खराही आहे; पण या गोष्टी कमवायला फार कष्ट पडतात. बाकीचे जे लागते ते आठवड्याभरात अंगी बाणते. येथे आपल्याला तेवढ्याचाच विचार करायचा आहे.

प्रथम खेळाची हिशेबपद्धत समजून घ्यावी, कारण ज्येष्ठत्वाचे सगळे राजकारण तिच्यातल्या एका रिकाम्या जागेत चालते. गाडी रस्ता सोडून बाहेर गेली की खात्यावर एक दोषगुण जमा होतो, ताबा सुटून ती गरगरली की दोन, आणि दुसऱ्या गाडीवर जोरात आदळली की चार. खेळाडू त्यांना वन एक्स, टू एक्स, फोर एक्स म्हणतात. नवख्यांच्या शर्यतींत असे सतरा गुण जमले की माणूस बाद. एका दोषगुणामागे किती वळणे निर्वेध पार पडली यावरून सेफ्टी रेटिंग निघते आणि सेफ्टी रेटिंगवरून लायसन्स मिळते: आधी रुकी, मग डी, सी, बी आणि ए. येथवर सारे शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे सरळ आहे. गोम अशी की, टक्कर झाली तर चूक कोणाची हे यंत्र पाहतच नाही. ठोकणाऱ्याला चार आणि ठोकर खाणाऱ्यालाही चार. प्रत्येक ठोकरीचा न्यायनिवाडा करायला माणसे बसवणे शक्य नाही, तेव्हा दोघांनाही सारखाच दंड लावावा म्हणजे दोघेही एकमेकांपासून अंतर राखायला शिकतील, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगलाच आहे. पण त्यामुळे ‘चूक कोणाची’ ही जागा मोकळी राहते, आणि मोकळ्या जागेवर खिडकीतून रुमाल टाकून ठेवण्याची कला एसटीने प्रवास केलेल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

हा रुमाल कसा टाकायचा, ते एका उदाहरणाने पाहू. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात लाइम रॉक पार्क नावाचा जेमतेम अडीच किलोमीटरांचा ट्रॅक आहे. लेझरने मोजून घेतलेली त्याची प्रतिकृती या खेळात सभासदत्वाबरोबरच मिळते, म्हणून नवख्यांच्या माझदा एमएक्स-५ गाड्या तेथे वारंवार जमतात. या शर्यतींत ए लायसन्सवाल्यांनाही मज्जाव नाही. सरळ रस्ता संपताच उजवीकडे वळणारे बिग बेंड नावाचे लांबलचक वळण येते. समजा, पहिल्याच फेरीत एक नवखा सहाव्या क्रमांकावर आहे. त्याने शंभर वेळा सराव केलेल्या खुणेपाशी ब्रेक लावला, गाडी वळणात घातली, आणि आता त्याची नजर वळणाच्या आतल्या कडेवर आहे. आठव्या क्रमांकावर आपण आहात. आपण ब्रेक उशिरा लावला, कारण पहिल्या फेरीत ब्रेक लवकर लावणे कमीपणाचे असते. आपल्या गाडीचे नाक त्याच्या मागच्या चाकाशी पोहोचते, त्याला आपण दिसत नाही, तो हळूहळू आत येत राहतो आणि ठोकर बसते. त्याची गाडी उलटी फिरून गवतात जाते, मागून येणारे तिघे तिच्यात अडकतात आणि आपण वाकड्या बोनेटनिशी सहाव्या क्रमांकावर येता. दोघांनाही चार-चार. या क्षणी वेळ दवडू नये. पुढचे वळण येण्याच्या आत चॅटमध्ये लिहावे, ‘आरसे कशासाठी दिले आहेत?’ नवखा अजून गवतात गाडी सरळ करत असतो. तो उत्तर देईपर्यंत उरलेल्या वीसजणांचे मत तयार झालेले असते.

येथे शब्दांची निवड महत्त्वाची आहे. आपण मागून येऊन आत शिरलो तर त्याला ‘जागा घेणे’ म्हणावे. नवख्याने हुबेहूब तेच केले तर त्याला ‘डाइव्हबॉम्ब’ म्हणतात. आपण रेषा न सोडता अडून राहिलो तर तो बचाव, आणि तो अडून राहिला तर ‘ब्लॉकिंग’. रिप्लेचा तुकडा जोडून रीतसर तक्रारही करता येते, परंतु त्या मार्गाला जाऊ नये, कारण तेथे कोणीतरी तो रिप्ले खरोखरच पाहतो.

कधीकधी आपलीच चूक इतकी उघड असते की आरशांचा विषय काढणे ज्येष्ठालाही जड जाते. अशा वेळी ‘नेटकोड’ हा एकच शब्द लिहावा. पडद्यावर दिसणाऱ्या इतरांच्या गाड्या त्या क्षणी नेमक्या तेथेच असतात असे नाही. दूरवरून येणाऱ्या माहितीच्या दोन तुकड्यांमधल्या काळात आपला संगणक त्यांची जागा अंदाजाने दाखवत असतो. पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळताना पिंग, म्हणजे माहिती तेथे जाऊन परत यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, आणि ताशी १५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या वेळात आठ मीटरांहून अधिक अंतर कापते, म्हणजे जवळजवळ दोन एमएक्स-५ एकामागे एक उभ्या कराव्यात इतके. तेव्हा नेटकोड ही गोष्ट खरी आहे, आणि खऱ्या गोष्टीआड लपणे केव्हाही सोयीचे. मात्र हा आधार ज्येष्ठांपुरताच राखून ठेवावा. नवख्याची गाडी आपल्याला लागली तर पिंगचा उल्लेखसुद्धा करू नये. तेथे प्रश्न संस्कारांचा असतो.

आता साहित्याविषयी. नवखा ओळखू येतो तो त्याच्या पेडलवरून. जेवणाच्या टेबलाला शिकंजाने आवळलेले स्टिअरिंग, त्या शिकंजाचा लाकडावर उठलेला आणि टेबलक्लॉथखाली दडवलेला वण, आणि जोरात ब्रेक दाबला की गुळगुळीत फरशीवरून भिंतीकडे निघून जाणारे पेडल. ते जागेवर राहावे म्हणून मागे पाटा आडवा ठेवलेला असतो आणि सणासुदीला पुरणासाठी तो पाटा काढला गेला की त्या दिवशी ब्रेक नसतो. अशा माणसाने मदत मागितली की जुन्याजाणत्याने पहिला प्रश्न विचारावा, ‘तुमचा एफओव्ही किती आहे?’ एफओव्ही म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन. उत्तर काहीही आले तरी ते चुकीचे आहे असे सांगावे. त्यानंतर पेडल लोडसेलचे घ्या, म्हणजे पाय किती खाली गेला यापेक्षा किती जोर लावला हे मोजणारे घ्या, असा सल्ला द्यावा. आणि त्याने ते खरोखर घेतले आणि तो आपल्यापुढे निघाला, तर ‘पैशाने वेग विकत घेतात हल्ली’ असे म्हणून निःश्वास सोडावा. नवख्यांच्या एमएक्स-५ मालिकेत सर्वांच्या गाड्यांची जुळणी, म्हणजे सेटअप, सारखीच असते, आपल्याला तिच्यातला एक स्क्रूही हलवता येत नाही. तरीसुद्धा आपल्यापाशी एक खास सेटअप आहे असे सूचित करत राहायला हरकत नाही.

‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारी दोन-चार वाक्ये पाठ असावीत. आयरेसिंग ऑगस्ट २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, पण तेवढ्यावर थांबू नये. खरे ज्येष्ठत्व त्याच्याही मागे जाते. या खेळाच्या संस्थापकांपैकी डेव्हिड केमर हे पूर्वी पपायरस या कंपनीत होते आणि त्या कंपनीने १९९८ साली ग्रां प्री लेजंड्स नावाचा खेळ काढला होता. त्यात १९६७ सालच्या पंख नसलेल्या फॉर्म्युला वन गाड्या होत्या आणि त्या पहिल्या काही फेऱ्या सरळ धावायला तयारच नसत. ‘ज्याने तो चालवला त्याला आताचे सारे सोपे वाटते’ एवढेच वाक्य सावकाश उच्चारावे. तो आपण स्वतः चालवला होता असे म्हटलेले नसल्याने खोटे बोलल्याचे पाप लागत नाही. त्या वर्षी आपण बालवाडीत होतो, हे चॅटमध्ये कोणाला दिसते?

ज्येष्ठांना खरा त्रास आहे तो आयरेटिंग नावाच्या आकड्याचा. प्रत्येकाचा आकडा १३५० पासून सुरू होतो, चांगली जागा मिळाली की वाढतो, मागे पडले की उतरतो, आणि सभासदत्व कोणत्या साली घेतले याची त्याला काडीचीही पर्वा नसते. दोन महिन्यांपूर्वी आलेले अकरावीतले पोर तीन हजारांवर जाऊन बसते आणि बारा वर्षे निष्ठेने वर्गणी भरणारा गृहस्थ चौदाशेवर राहतो, हे दृश्य कोणत्याही सुसंस्कृत माणसाला बोचेल. यावर उपाय दोन. आकडा कमी असेल तर ‘मी आकड्यांसाठी खेळत नाही’ असे सांगावे. आकडा जास्त असेल तर तो सांगावा आणि त्यानंतर शर्यतीत उतरूच नये, कारण न खेळणाऱ्याचे रेटिंग कोणी हरवू शकत नाही. केवळ सराव करावा आणि इतरांच्या शर्यती पाहून सल्ले द्यावेत. आणखी एक पथ्य आहे. ओव्हल, स्पोर्ट्स कार, फॉर्म्युला, डर्ट ओव्हल, डर्ट रोड या प्रत्येक शाखेचे लायसन्स वेगळे असते. म्हणजे एका शाखेतला ए लायसन्सधारी मातीच्या ट्रॅकवर गेला की पुन्हा रुकी होतो, आणि त्याच्या नावापुढे ते लिहिलेले सर्वांना दिसते. म्हणून कुतूहलाला बळी पडून मातीत जाऊ नये.

मातीत न जाताही प्रसंग ओढवू शकतो, हे २०२० च्या मार्च महिन्यात दिसले. साथीमुळे खऱ्या शर्यती बंद पडल्या आणि अमेरिकेतल्या नॅस्कार या मोटारशर्यतींच्या मालिकेतले खरे चालक या खेळावर आले. त्यांत सात वेळा तिचे अजिंक्यपद मिळवलेले जिमी जॉन्सनही होते. २९ मार्चला टेक्सासच्या ट्रॅकवर जिंकला तो टिमी हिल. नॅस्कारच्या सर्वोच्च श्रेणीत त्याने तोवर एकही शर्यत जिंकलेली नव्हती, तो सहसा मागच्या रांगांत धावे. संगणकावर मात्र तो वर्षानुवर्षे मुरलेला होता. शेवटच्या फेऱ्यांत त्याने विल्यम बायरनच्या गाडीला मागून ढुशी देऊन बाजूला केले. हा बायरन तर शाळकरी वयात याच खेळावर शर्यत शिकलेला. तेथून तो खऱ्या गाडीत गेला आणि पुढे २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने डेटोना ५०० ही नॅस्कारची सर्वांत मानाची शर्यत जिंकली. या प्रकरणात ज्येष्ठ कोण, नवखा कोण आणि ढुशी द्यायचा अधिकार कोणाचा, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. आपणही हा विषय चारचौघांत काढू नये.

राहता राहिला पाऊस. २०२४ च्या मार्चमध्ये या खेळात पाऊस आला, आणि त्याने ज्येष्ठांची फारच पंचाईत केली. कोरड्या दिवसात वर्षानुवर्षे गिरवलेली एक रेषा असते. सगळे तिच्यावरूनच जातात, टायरचे रबर तेथेच बसते, आणि म्हणून चाकांना पकडही तेथेच असते. पाणी पडले की मात्र रबराने गुळगुळीत झालेली तीच रेषा निसरडी होते आणि पकड तिच्या बाहेर, जेथे कोणी जात नाही तेथे, सापडते. आपल्या हातांना ते मान्य होत नाही. ते गाडीला पुन्हा पुन्हा जुन्याच जागी नेतात. आणि मग असे होते की, रेषा मुळात कोठे असते हेच ज्याला नीट ठाऊक नाही असा एक रुकी, पाट्याला टेकवलेल्या पेडलवर पाय ठेवून, वळणाच्या बाहेरच्या कडेने, लांबचा वळसा घालत, न घसरता आपल्या बाजूने पुढे निघून जातो. त्याच्या मागच्या चाकांनी उडवलेले पाणी समोरच्या काचेवर येत असेल, आपली गाडी हळूहळू तिरकी होत असेल, तरी डगमगू नये. उजव्या हाताने स्टिअरिंग सांभाळावे आणि डाव्या हाताने टंकावे: ‘नेटकोड.’