नाव काढू देत नाहीत म्हणजे वेठबिगारी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी तिचं सार सांगतो. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने डोळे तपासणाऱ्याला, स्वतःची चौकशी चालू असताना, यादीतून नाव मागे घेता येत नाही. मागच्या लेखात मी या नियमाची बाजू घेतली होती. वणीकडे स्वतःचं दुकान चालवणाऱ्या या ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या) ताई म्हणतात, ‘ही वेठबिगारी झाली. ज्याला काम सोडायचं त्याला सोडू द्या. त्यातही तुम्ही दोन याद्यांची खिचडी केली. आणि विलायतेचा नियम आमच्या माथी कशाला?’

खिचडी झाली हे खरं, आणि ती माझीच. तिथे जनरल ऑप्टिकल कौन्सिलची, म्हणजे या व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदवही वेगळी. तिच्यात नाव नसेल तर ऑप्टोमेट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चाने तपासणाऱ्यांची यादी वेगळी. मी सांगितलेला नियम या दुसऱ्या यादीचा, २०१३ च्या नियमावलीतला. मी सरसकट ‘रजिस्टर’ लिहून मोकळा झालो. आता दुरुस्त केलंय.

वेठबिगारी मात्र कबूल नाही. यादीत नाव राहिलं म्हणून कोणी सकाळी येऊन शटर उघडायला लावत नाही. घरी बसा, वावरात पऱ्हाटी लावा. फक्त ‘मी आता यादीतच नाही, मला काय विचारता’ असं म्हणता येत नाही, एवढंच. निकाल लागला की वाट मोकळी. त्याआधी जायचं तर परवानगी काढावी लागते.

हे मला इतकं का पटतं, तेही सांगतो. मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत डोळ्यात काडीकचरा गेलेले किती यायचे, मोजदाद नाही. त्यातलाच एक शेतकरी पंधरा दिवस उशिरा आला. बुबुळावर जखम, तिच्यात बुरशी, आणि खिशात स्टेरॉइडच्या थेंबांची बाटली. चष्म्याच्या दुकानातल्या तपासणाऱ्याने दिलेली. स्टेरॉइडने लाली उतरते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशीचं फावतं. नागपूरला पाठवला, डोळा राहिला, पण फूल पडलं ते पडलंच. घरच्यांनी तक्रार केली. चौकशीला माणूस जाईपर्यंत दुकानाला कुलूप! शेतकऱ्याचा बाप मला म्हणाला, “तो दुसऱ्या जिल्ह्यात बसला जी, बोर्डही नवा लावला.” त्या तपासणाऱ्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, म्हणून मागे लागायला काही उरलंच नाही. वही असती आणि तिच्यातून आपणहून नाव काढता आलं असतं, तरी नव्या गावात तो कोरी पाटी घेऊनच बसला असता.

आणि विलायतेचं म्हणाल, तर आपल्याकडेही २०२१ साली सहाय्यक आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला. त्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहेत, नेत्र सहाय्यकही आहेत, आणि राज्य परिषदेने नोंदवही ठेवायची आहे. वहीत नाव कसं घालायचं यावरच सगळी चर्चा चालते; बाहेर कसं पडायचं यावर कोणी बोलत नाही. म्हणून मी बोललो.

तुमचा एक मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. आपल्याकडे चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळते. शेजारच्या चष्मेवाल्याने जळफळाटाने खोटी तक्रार ठोकली, तर पासष्टीचा माणूस नाव अडकवून किती दिवस लटकत राहणार? चौकशीला मुदत नसेल तर असा नियम इथे आणूच नये, हे आता मलाही पटतं. मुदत असेल तर खोट्या तक्रारीचा निकाल लागणं तुमच्याच फायद्याचं. अर्ध्यातून निघालात तर गावात लोक काय बोलतील, ते तुम्हाला मी सांगायला नको. आजारी माणसाला मात्र लगेच मोकळं करायला हवं; परवानगीची तरतूद असते ती अशांसाठीही.

शेवटी तुम्ही विचारलंय, दुकान बंद करताना गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या नंबराच्या जुन्या वह्यांचं काय करायचं. मी असतो तर महिनाभर आधी दारावर पाटी लावली असती, आणि ज्याचा कागद त्याच्या हातात दिला असता. काचबिंदूवाल्यांची वाट न बघता त्यांच्या घरी फोन केला असता. डोळ्याच्या दाबाचे जुने आकडे नसले तर पुढचा डॉक्टर कशाशी ताडून बघणार?