आधी फिश टँक बघावा

वृद्धाश्रम बघायला जाताना लोक उगाच टेन्शन घेतात, वही काय, प्रश्नांची यादी काय, कोणी तर ओळखीच्या डॉक्टरला गाडीत घालून नेतात. काही गरज नाही हो. मी आत्यासाठी दहिसरपासून पनवेलपर्यंत अकरा ठिकाणं पालथी घातली आणि बारावं फायनल केलं, त्यामुळे या विषयात आता आपला शब्द शेवटचा समजा.

पहिलं म्हणजे नाव. वृद्धाश्रम हा शब्दच वापरायचा नाही. 'नर्सिंग होम' पण चालत नाही, कारण मुंबईत नर्सिंग होम म्हणजे खाली मेडिकल आणि वर डिलिव्हरी नाहीतर हर्नियाचं ऑपरेशन, लोक विचारतात डिस्चार्ज कधी. 'रिहॅब' म्हणा. फॅमिली ग्रुपवर वृद्धाश्रम टाकलं की तीन दिवस सन्नाटा आणि मग एखादी काकू 'असो' लिहून मोकळी होते. रिहॅब टाकलं की लगेच अंगठे, 'बरं केलंत, फिजिओपण होईल तिथे'. आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यामुळे आमच्याकडे तर ते जवळजवळ खरंच होतं.

दुसरं, जायच्या आधी फोन करायचा. रविवारी दुपारी चारला येतो म्हणायचं. मेगाब्लॉक असतोच, कुर्ल्याला अडकलात की परत एकदा कळवायचं, अजून अर्धा तास लागेल, म्हणजे त्यांनाही आज्यांचे केस विंचरून पावडर लावून व्हीलचेअरवर ओळीत बसवायला निवांत वेळ मिळतो. न सांगता जाणं हा उद्धटपणा आहे. त्यातून रात्री नऊला किंवा पहाटे सहाला तर मुळीच जाऊ नये, त्या वेळी बावीस बेडना दोन मावश्या असतात आणि त्यातली एक खाली बाकड्यावर झोपलेली असते, बिचारीची झोपमोड कशाला.

आत शिरलात की फिश टँक बघायचा. आमच्या इथे लॉबीत चार फुटी टँक होता, त्यात गोल्डफिश, आणि काय सांगू, इतके गुबगुबीत गोल्डफिश मी क्रॉफर्ड मार्केटलासुद्धा पाहिले नाहीत. मॅनेजर स्वतः दाणे टाकत होता. मी बायकोला म्हटलं, जो माणूस माशांची एवढी काळजी घेतो तो माणसांची किती घेत असेल! हे लॉजिक मी अजूनही लोकांना सांगतो.

मग वास. फिनाइल, रूम फ्रेशनर आणि मोगऱ्याची उदबत्ती असं तिन्ही एकदम नाकात शिरलं पाहिजे, तरच स्वच्छता. बोरिवलीला एका ठिकाणी नुसत्या खिडक्या उघड्या होत्या आणि कसलाच वास नव्हता, आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो. म्हटलं हे लोक काहीच करत नसणार. इतका सुगंध लपवायला खाली काहीतरी लागतं हे नंतर कळतं, पण त्याची घाई काय आहे.

कागदपत्रांच्या फार मागे लागू नका. आपल्याकडे नर्सिंग होम रजिस्ट्रेशनचा कायदा १९४९ पासून आहे, त्यात आजारी आणि जखमी माणसांबरोबर अशक्त, विकलांग माणसांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारी जागासुद्धा बसते, आणि रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं, वगैरे वगैरे. पण भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशा जागी मालकाचा एका सिरीयलच्या हिरोईनबरोबरचा फोटो होता, आता तो काढायचा का? मी एकदा हळूच विचारलं तर दुकानांना लागतं त्या गुमास्ता लायसन्सची झेरॉक्स दाखवली. शिक्का होता. शिक्का असला की आपण गप्प.

स्टाफचं पण तेच. पांढरा कोट घातला की सिस्टर. नर्सिंगचा तीन वर्षांचा जीएनएम कोर्स केलेली की दोन वर्षांचा एएनएम केलेली की गेल्या मंगळवारी आया पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली, असले जातीपातीचे प्रश्न विचारायचे नसतात. आमच्या मजल्यावरची सिस्टर दर पंधरा दिवसांनी बदलायची. आत्याला नाव लक्षात ठेवायचा त्रास नाही, आणि नवीन सिस्टरला आत्याला इन्सुलिन असतं हे लक्षात ठेवायचा त्रास नाही.

आता जेवण. बोर्डावर मेनू वाचा, फोटो काढा, ग्रुपवर टाका, झालं. ताटात काय पडतं ते बघायला जेवायच्या वेळी जावं लागतं आणि जेवायची वेळ संध्याकाळी साडेसहा, कारण आठला शिफ्ट बदलते. मग दुसऱ्या दिवशी साडेआठला पोहे. चौदा तासांचा उपास. आपण एकादशीला दुपारपर्यंत साबुदाण्याची दोन ताटं रिचवतो, या वयात तर किती पुण्य लागत असेल. वजनाचा रजिस्टर मागू नका हं. महिनाभरात पाच टक्के वजन आपोआप उतरलं तर डॉक्टर लोक ते सिरियस धरतात. आत्या जाताना बावन्न किलो होती, महिन्याने एकोणपन्नास. तुम्ही करा गणित, मी नाही केलं. मी म्हटलं छान, हलकी झाली, पायावर लोड कमी येईल.

तहान पण चांगली लागायची तिला. दुसऱ्या भेटीत माझ्या बॅगेतली पाण्याची बाटली दिसली तर 'दे रे जरा' म्हणाली आणि अख्खी लिटरची एका दमात संपवली, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. मी मॅनेजरला कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, आजी आमच्याकडे पाणीच मागत नाहीत. बरोबर आहे. पाण्याचा तांब्या खिडकीच्या कठड्यावर होता, बेडपासून चार फुटांवर, वर ताटली झाकून, एकदम हायजिनिक. आणि बेल? बेल होती की. प्रत्येक बेडला बेल आहे हे ब्रोशरमध्ये पण लिहिलंय. फक्त तिची वायर छान गुंडाळून वर पडद्याच्या दांडीला बांधली होती, लोंबकळायला नको म्हणून. त्यामुळे 'तुमच्या आजी कधी बेल वाजवत नाहीत, इतक्या समाधानी आहेत' हे मॅनेजरचं वाक्य शंभर टक्के खरं होतं.

तक्रार आहे का ते पेशंटलाच विचारावं, फक्त मॅनेजर शेजारी उभा असताना विचारावं. तो स्वतःच विचारतो, 'काय आजी, आम्ही त्रास देतो का?' आत्याने म्युनिसिपल शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आमच्या लग्नपत्रिकेतल्या सुद्धा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या होत्या, ती म्हणाली, 'सगळे चांगले आहेत.' आणि गंमत म्हणजे हे बोलताना तिच्या तोंडात कवळी दुसऱ्याच कोणाची तरी होती. सकाळी सगळ्यांच्या कवळ्या एकाच टबात धुतात ना, वेळ वाचतो. तिला 'स' म्हणता येत नव्हता. मला वाटलं वयाने असेल.

कुशीवर वळवायचा चार्ट मात्र आवर्जून बघण्यासारखा. झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर कातडी दबून बेडसोअर होतात, म्हणून बेडच्या पायाशी चार्ट अडकवलेला. दहा, बारा, दोन, चार, प्रत्येक वेळेपुढे सही. एकाच निळ्या पेनाची, एकाच वळणाची, सुबक. मी साडेचारला बघितला तेव्हा सहा आणि आठच्या सह्या पण झालेल्या होत्या. सरकारी ऑफिसात चपला झिजवलेल्या माणसाला अशी वेळेच्या पुढे असणारी यंत्रणा बघून भरूनच येतं.

प्रत्यक्ष अंग बघायच्या भानगडीत पडू नका. म्हणे लाल झालेल्या जागी बोटाने दाबायचं, लाली क्षणभर जाऊन परत आली तर ठीक, दाबूनही तशीच राहिली तर समजा सुरुवात झाली. पण मोठ्या माणसाची चादर वर कशी करणार, आपल्याला संस्कार आहेत. आपण पायावर डोकं ठेवायचं, तेही चादरीवरून.

परदेशात असाल तर कॅमेऱ्याचं ॲप घ्याच. माझा चुलतभाऊ टोरांटोत बसून रोज बघायचा. कॅमेरा लॉबीत आणि डायनिंग हॉलमध्ये. आत्या बेडवरून उठत नव्हती त्यामुळे ती काय दिसली नाही त्याला, पण मासे अगदी क्लिअर दिसायचे. बिलाबद्दल त्याने एकदा विचारलं होतं, महिन्याचे अडतीस हजार आणि वर दिवसाला सहा डायपर लावलेत, आत्या एवढं पाणी पिते का? नाही रे, म्हटलं, पाणीच मागत नाही ती. दोघंही थोडा वेळ गप्प बसलो, मग क्रिकेटवर बोललो.

आणि कायद्याला घाबरू नका. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे खरा, सांभाळायची जबाबदारी असलेल्याने म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नीट वाचा, हेतू 'पूर्णपणे' सोडून देण्याचा पाहिजे. पूर्णपणे! आपण महिन्यातून एका रविवारी जातो, जाताना सफरचंदं नेतो. कवळी दुसऱ्याची असताना सफरचंद कसं खायचं हा तपशील कायद्यात नाही. १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर पण आहे, मी सेव्ह करून ठेवलाय, आत्याचा फोन मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये असल्यामुळे तिला तो उपयोगी नव्हता.

आमचं सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त बायकोला हे नियम कोणी सांगितले नव्हते. एका बुधवारी ऑफिसमधून येताना ती मध्येच उतरली, फोन न करता सरळ वर गेली आणि चादर उचलली. मला फोन केला तेव्हा ती काही बोलतच नव्हती, मागून कोणीतरी 'मॅडम, व्हिजिटिंग अवर्स नाही आता' ओरडत होतं, आणि मग म्हणाली, 'अँब्युलन्स घेऊन ये, टॅक्सीत बसवता येणार नाही तिला.' माकडहाडावरची जखम माझ्या मुठीएवढी होती. ड्रेसिंगला आता रोज नर्स येते घरी, आत्या हॉलमध्ये असते, सोफा आम्ही विकला. ऱ्हस्वदीर्घ पुन्हा सुरू झालंय.

डिपॉझिट मिळालं नाही. एक महिन्याची नोटीस दिली नाही ना आपण.

आणखी एक. निघताना दारात लॅमिनेट केलेला क्यूआर कोड असतो, मॅनेजर म्हणतो सर रिव्ह्यू टाका ना, आणि तो समोर उभा असतो त्यामुळे पाच स्टार द्यायचे असतात. मी पहिल्याच रविवारी दिले होते. 'घरच्यासारखं वातावरण, प्रेमळ स्टाफ, स्वच्छता उत्तम', वर फिश टँकचा फोटो. काढायला हवा होता तो, पण कुठला पासवर्ड आठवत नाही. परवा बघितलं तर अजून आहे, आणि खाली लिहिलंय की सतरा लोकांना तो उपयुक्त वाटला.