चित्राला कथेकरी लागतो

नाताळ जवळ आला की आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. वर जमिनीपासून छतापर्यंत रंगीत काचांचा फोटो आणि खाली मजकूर: "हे फ्रान्समधलं शार्त्रचं चर्च. त्या काळी लोक निरक्षर होते, म्हणून खिडक्यांवर बायबल रंगवलं गेलं. अडाणी माणूस नुसत्या काचा बघून अख्खं बायबल वाचायचा! इथल्या निळ्या रंगाचं गुपित आजच्या शास्त्रज्ञांनाही उलगडलेलं नाही. आणि काच हा खरं तर द्रव पदार्थ, त्यामुळे आठशे वर्षांत या काचा ओघळून खालच्या बाजूला जाड झाल्या आहेत." मग जोडलेले हात आणि 'जरूर शेअर करा'.

यंदा तो काकांनी पाठवला. ते निवृत्त मास्तर, त्यांना चारचौघांत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहितो. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, तो लवकर आटपतो.

"काच ओघळते."

हे मलाही शाळेत सांगितलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं मीही ते दुसऱ्यांना ऐटीत सांगत असे. काचेच्या आत अणूंची मांडणी द्रवासारखी विस्कळीत असते, इथवर बरोबर आहे. पण म्हणून काच वाहते असं होत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेत जे घटक आहेत त्याच घटकांच्या काचेवर संशोधकांनी प्रयोग केले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला: नेहमीच्या तापमानाला ही काच एक अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर सरकेल. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. करा हिशोब.

मग काही काचा जाड-पातळ का असतात? कारण त्या तशाच बनल्या. फुंकणीने फुगा फुगवायचा, तो गरगर फिरवून तबकडी करायची किंवा लांब नळा करून, चिरून सपाट करायचा. असा पत्रा एकसारखा यायचाच नाही. जाड कड कधी खाली बसते, कधी वर, कधी बाजूला. शिवाय शार्त्रच्या खिडकीत काचेचं एक मोठं तावदान नसतंच. हाताच्या पंजाएवढे, कधी त्याहून लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. जुन्या खिडक्यांना पोट सुटलेलं दिसतं ते खरं, पण त्याचा दोष शिशाकडे जातो. शिसं मऊ, स्वतःच्या वजनाने सावकाश वाकणारं. काच बिचारी फुकट बदनाम.

"खिडक्यांवर रंगवलं."

इथे शब्दाचा घोळ आहे. रंग काचेवर नसतो, काचेतच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट पडलं की निळी, तांब्याने लाल, मँगनीजने जांभळट. बाराव्या शतकात थिओफिलस या टोपणनावाने एका मठवासीयाने ही सगळी कृती लिहून ठेवली आहे: दोन भाग बीच या झाडाच्या लाकडाची राख, एक भाग वाळू. खडूने पांढऱ्या केलेल्या फळीवर चित्र आखायचं, त्या रेषांवर काच धरायची, तापवलेल्या लोखंडाने तडकवायची आणि कडा चिमट्यासारख्या हत्याराने कुरतडत आकाराला आणायच्या. काचेवर खरोखर रंगवतात ते फक्त काळपट तपकिरी: डोळे, केस, कपड्याच्या चुण्या. जाळलेलं तांबं आणि काचेची पूड वाईनमध्ये नाहीतर मुतात कालवायची, रेषा ओढायच्या आणि तुकडा भट्टीत भाजायचा. संतांचे ते करुण डोळे कशात कालवलेले असू शकतात, हे फॉरवर्डमध्ये लिहिलं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.

"निळ्याचं गुपित हरवलं."

हरवलेलं काही नाही. तो कोबाल्टचा निळा, रसायनशाळेत तपासून झालेला. थिओफिलसनेच सांगून ठेवलंय की जुन्या मूर्तिपूजकांच्या, म्हणजे रोमनांच्या, इमारतींत निळ्या काचेचे बारीक चौकोनी तुकडे आणि छोटी भांडी सापडतात. फ्रेंच कारागीर ती गोळा करतात, त्यात पांढरी काच घालून वितळवतात आणि नीलमण्यासारखे पत्रे करतात. थोडक्यात भंगारातला माल. तरीही शार्त्रचा तो निळा इतका जिवंत का, याचंही साधं कारण आहे. बाराव्या शतकातली ही निळी काच सोड्याची, म्हणजे राखेऐवजी सोडा घालून केलेली आहे. तिच्या शेजारची राखेची काच शतकानुशतकांच्या पावसापाण्याने खवली गेली, काळवंडली, सोड्याची टिकली. ११९४ च्या आगीतून पश्चिमेच्या तीन उंच खिडक्या वाचल्या, त्यांच्यासमोर उभं राहिलं की हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

"अडाणी माणूस काचा बघून बायबल वाचायचा."

हा खरा मुद्दा, आणि यात थोडं तथ्य असल्यामुळेच तो जास्त फसवतो. मार्सेयच्या बिशप सेरेनसने चर्चमधली चित्रं फोडून टाकली, तेव्हा इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने त्याला खरमरीत पत्र लिहिलं: वाचता येणाऱ्याला जे अक्षरांतून मिळतं ते न येणाऱ्याला चित्रातून मिळतं. पुढे प्रत्येकाने हेच वाक्य उचललं. पण ग्रेगरीच्या डोळ्यांसमोर काचा नव्हत्या. गोष्टी सांगणाऱ्या मोठ्या खिडक्या त्यानंतर पाचशे वर्षांनी आल्या. आणि 'गरिबांचं बायबल' हे नाव मुळात एका प्रकारच्या सचित्र पुस्तकांना पडलेलं, ज्यांत चित्रांभोवती मजकूर दाटीने भरलेला असे.

आता शार्त्रमधलीच एक खिडकी घेऊ, चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे परक्या जमातीच्या एका दयाळू माणसाबद्दल येशूने सांगितलेल्या दाखल्याची. ती खालून वर वाचायची. तळाशी चांभार जोडे शिवताना दिसतात; बायबलचा पत्ताच नाही. त्यांच्या वर येशू परुश्यांना, म्हणजे कर्मठ यहुद्यांना, दाखला सांगतोय. मग एक माणूस यरुशलेमच्या वेशीतून बाहेर पडतो, लुटारू त्याला मारून कपडे काढून घेतात, याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिरातला सेवक) बघून पुढे जातात, शोमरोनी जखमा बांधतो आणि त्याला उतारशाळेत नेतो. इथवर ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याला पटापट ओळखू येतं. आणि पुढच्याच चौकटीत देव आदामाला घडवतोय! मग हव्वा, फळ, बागेतून हकालपट्टी, आदाम जमीन खणतोय, हव्वा सूत काततेय, त्यांचा मुलगा काइन भावाला, हाबेलाला मारतोय. सगळ्यात वर सिंहासनावर ख्रिस्त.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या या वाटसरूचा आदामाशी काय संबंध? संबंध आहे: लुटला गेलेला वाटसरू म्हणजे पतित झालेला आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च. पण हा अर्थ जुन्या धर्मपंडितांच्या भाष्यांतला. नुसता काचेकडे पाहून तो ना अडाण्याला कळणार ना शहाण्याला. कुणीतरी शेजारी उभं राहून बोट दाखवावं लागतं.

पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात सुजेर नावाच्या मठाधिपतीने ११४४ च्या सुमाराला खिडक्या बसवल्या, त्यांत एका चित्रात संत पौल जातं फिरवतोय आणि संदेष्टे धान्याची पोती वाहून आणतायत. बायबलच्या जुन्या कराराचा कोंडा जाऊन नव्याचं पीठ निघतं, असा अर्थ. सोबत लॅटिन ओळी. हे दळण निरक्षर शेतकऱ्यासाठी होतं म्हणणं म्हणजे त्या शेतकऱ्याची थट्टाच.

आणि काका, फोटो शार्त्रचा नाहीच. तो पॅरिसच्या सँत-शापेलचा आहे, वरच्या मजल्याचा. फ्रान्सच्या राजा नवव्या लुईचं ते राजवाड्यातलं खासगी चॅपेल (प्रार्थनाघर), १२४८ चं: पंधरा खिडक्या, ११०० च्या वर प्रसंग, उंची जवळजवळ पंधरा मीटर. वरच्या ओळीतलं काही दिसायचं तर दुर्बीण हवी. काचांतलं सगळं बायबल राजा आणि दरबाराच्या वाट्याला. वाड्यातली नोकरमंडळी खालच्या मजल्यावरच्या बुटक्या चॅपेलात. आपल्याकडचं पाहायचं तर कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या रंगीत खिडक्या विल्यम वेल्स या न्यूकॅसलच्या काचकारागिराच्या. १८५८ साली त्या चर्चचा अभिषेक झाला तेव्हा बाकांवर होते ते साहेबलोक, हातात छापील प्रार्थनापुस्तक घेऊन.

मग न वाचणाऱ्यापर्यंत गोष्ट पोचायची कशी? कानातून. प्रवचनं, सणावारांची सोंगं, गाणी. ती ऐकून आलेला माणूस खिडकीत नोहाचं तारू बघून म्हणे, "अरे, हे तर तेच!" सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीची पोथी आठवा. रामायणातलं चित्र समोर धरलेलं असतं, पण कहाणी गाणारा गातोय म्हणून ती सरकते. गाणारा थांबला की पुढ्यात उरतो रंगवलेला कागद.

गोव्यात तर काचांचाही प्रश्न आला नाही. तिथल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांत चित्रं नाहीत. पातळ शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत ओळीने बसवलेले, त्यातून दुधासारखा उजेड येतो. अशाच उजेडात गोव्यातल्या सासष्टीच्या लोकांना आदामापासून येशूपर्यंतची कथा कळली ती फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मप्रचारकाच्या मराठी ख्रिस्तपुराणातून. १६१६ साली रायतूरला ते छापलं गेलं तेही रोमन लिपीत, म्हणजे मराठी वाचणाऱ्यालाही अनोळखी अक्षरात. कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि खिडकीत एक चित्र नाही.