मुक्या जीवांच्या नावावर खपवलेल्या ‘आत्महत्या’

‘प्राणीही निराश होतात आणि ठरवून जीव देतात’ असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. लेमिंग (उत्तर ध्रुवाकडचे उंदरासारखे छोटे प्राणी) कड्यावरून उड्या टाकतात, देवमासे किनाऱ्यावर येऊन प्राण सोडतात, विंचू स्वतःलाच नांगी मारतो, आसामातल्या जतिंगा गावात पक्षी सामूहिक आत्महत्या करतात, पेंग्विन कळप सोडून मरणाच्या वाटेला लागतो, जपानमधल्या हाचिको नावाच्या कुत्र्याने मालकामागे अन्नपाणी सोडलं, डॉल्फिनने श्वास रोखून जीव दिला. खाली जोडलेल्या हातांचे इमोजी आणि समारोप: ‘जीवन संपवणं हाही निसर्गाचाच नियम आहे.’

असल्या मेसेजना मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या मावशीकडे पोचला. काका गेले आणि पाठोपाठ त्यांचा तेरा वर्षांचा कुत्राही गेला. त्याने जेवण सोडलं होतं. मेसेज वाचून मावशीने मला फोन केला आणि विचारलं, “म्हणजे त्याने ठरवूनच जीव दिला का रे? मग मी कशी रोज जेवतेय?” ज्याने कुणी हे लिहिलं त्याने हा प्रश्न जरा स्वतःच्या कानांनी ऐकायला हवा होता.

तर कुत्र्यापासूनच सुरुवात करतो. हाचिकोचे मालक, प्राध्यापक उएनो, 1925 च्या मे महिन्यात वारले. हाचिको वारला 8 मार्च 1935 ला. मधे जवळजवळ दहा वर्षं गेली. अन्नपाणी सोडून दहा वर्षं जगणारा कुत्रा अजून जन्मायचाय. तो शिबुया स्टेशनवर रोज यायचा हे खरं. पण तिथले लोक त्याला खायला घालायचे आणि तो खायचा. त्याच्या पोटात भाजलेल्या मांसाच्या काड्यासुद्धा सापडल्या होत्या. त्याचे अवयव जपून ठेवलेले होते, ते टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी पुन्हा तपासले आणि 2011 मध्ये जाहीर केलं की त्याला हृदयाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होता, शिवाय हृदयात जंत. त्याने वाट पाहिली, जीव दिला नाही. (रायगडावरच्या वाघ्याचं नाव काढलं की वेगळाच वाद पेटतो. समकालीन कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडत नाही असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात, एवढं नोंदवून पुढे जातो.)

आता काकांचा कुत्रा. तो भांड्यापाशी यायचा, वास घ्यायचा, जिभल्या चाटायचा आणि मान फिरवायचा. पाणी मात्र घटाघटा प्यायचा. तोंडाला उग्र वास येत होता. हे वैराग्य नव्हे, ही मळमळ आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं हे अगदी ठरलेलं चित्र, आणि त्याच्या रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलंच होतं. अन्न समोर असतं, पण पोट घेत नाही. कुठे दाताच्या मुळाशी पू झालेला असतो, कुठे गोचीड-ताप असतो, कुठे पोटात गाठ असते. त्यामुळे ‘मालकामागे त्याने अन्न सोडलं’ हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, घातकी आहे. ते वाचून हात जोडणारी माणसं त्या जनावराला डॉक्टरकडे नेत नाहीत. आणि मांजराच्या बाबतीत तर वेळही नसतो. मांजर काही दिवस सलग उपाशी राहिलं, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साठून तेवढ्यानेच दगावू शकतं. त्याची ‘निष्ठा’ बघत बसलात तर ते खरंच मरेल.

कुत्र्याला दुःख होत नाही असं मी म्हणत नाही. घरातला सोबती कुत्रा मेल्यावर उरलेला कुत्रा कसा वागतो, याची पाहणी इटलीत 426 मालकांकडून झाली, 2022 मध्ये ती प्रसिद्ध झाली. खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, माणसाला चिकटून राहणं जास्त, असे बदल बहुतेकांनी सांगितले. पण त्याच पाहणीत असंही दिसलं की मालक स्वतः जितका दुःखात, तितके त्याला कुत्र्यात बदल जास्त दिसलेले. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

लेमिंगांची गोष्ट तर सरळसरळ बनाव आहे. डिस्नेच्या 1958 च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या माहितीपटातून ती जगभर पसरली, आणि त्याला ऑस्करही मिळालं. 1982 मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने उलगडा केला. चित्रण अल्बर्टा प्रांतात झालं होतं, तिथे समुद्र नाही आणि ते लेमिंगही तिथले नव्हते. मॅनिटोबातल्या मुलांकडून विकत घेऊन आणलेले मूठभर आकाराचे ते प्राणी बर्फाने झाकलेल्या फिरत्या चकतीवर पळवले गेले, म्हणजे पडद्यावर झुंड वाटावी. मग त्यांना नदीत लोटलं. प्रत्यक्षात दर तीन-चार वर्षांनी लेमिंगांची संख्या भयंकर वाढते, ते नव्या जागेच्या शोधात पांगतात, वाटेत पाणी आलं तर पोहतात आणि काही बुडतात. यात निराशा कुठून आली?

जतिंगाची मात्र मला खरी चीड येते. ‘पक्ष्यांच्या आत्महत्येचं गाव’ हे शब्द बातम्यांतून, प्रश्नमंजूषांतून इतके घासून गेलेत की तिथे नेमकं काय होतं हे कुणी विचारतच नाही. पावसाळा संपताना, चांदणं नसलेल्या, धुक्याच्या आणि वाऱ्याच्या रात्री, त्या डोंगरधारेवर खंड्या, वंचक, नवरंग असे पक्षी गोंधळून उजेडाकडे ओढले जातात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे सुधीर सेनगुप्ता 1970 च्या दशकात तिथे जाऊन हे अभ्यासून आले. पक्षी दिव्याजवळ येतात, भांबावून बसतात, आणि मग लोक बांबूच्या काठ्यांनी त्यांना मारतात किंवा धरतात. मारतात! पूर्वी ती भुतंखेतं समजून, पुढे खाण्यासाठी. काठी माणसाच्या हातात आणि आत्महत्येचा ठपका पक्ष्यावर. जनजागृतीनंतर हा प्रकार बराच कमी झाला, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

उजेडाने पक्षी भरकटतात हे जतिंगापुरतं नाही. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या स्मृतीसाठी दरवर्षी आकाशात दोन प्रचंड प्रकाशझोत सोडतात. सात वर्षांच्या रडार नोंदी तपासून 2017 मध्ये संशोधकांनी मांडलं की त्या झोतांनी सुमारे 11 लाख स्थलांतरित पक्ष्यांच्या वाटेत गडबड केली. ते झोतात गोल गोल फिरत राहतात. दिवे विझवले की काही मिनिटांत पांगतात आणि आपल्या वाटेला लागतात. मरायला आलेला जीव दिवा मालवला म्हणून परत जातो का?

देवमाशांबद्दल मेसेजमध्ये एक वाक्य आहे जे ऐकून लोक गप्प होतात: ‘परत समुद्रात ढकललं तरी ते पुन्हा किनाऱ्यावर येतात.’ येतात, कधी कधी. पायलट व्हेल जातीचे देवमासे घट्ट कळपात राहतात. एखादा आजारी किंवा भरकटलेला उथळ पाण्यात शिरला की बाकीचे त्याच्यामागे, आणि मंद उताराच्या वाळूवर त्यांचं प्रतिध्वनीवर चालणारं दिशाज्ञान नीट काम देत नाही. साथीदार अजून वाळूवर असताना थकलेला देवमासा पुन्हा तिकडेच वळतो, यात नवल नाही. आणि काही वेळा कारण थेट आपणच असतो. मार्च 2000 मध्ये बहामा बेटांजवळ 17 सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले. त्यातले बहुतेक खोल पाण्यातले चोचवाले देवमासे होते. अमेरिकी नौदलाची सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून शोध घेणारी यंत्रणा, हे त्यामागचं कारण असल्याचं खुद्द नौदलाच्या सहभागाने झालेल्या चौकशीत मान्य झालं. कॅनरी बेटांभोवती स्पेनने 2004 मध्ये सोनारवर बंदी घातली आणि तिथे या देवमाशांचं सामूहिक किनाऱ्याला लागणं थांबलं.

विंचवाचं दोन ओळींत आटपतो. आगीच्या वेढ्यात विंचू तापून तडफडतो, शेपूट वेडीवाकडी फिरते, बघणाऱ्याला वाटतं नांगी मारून घेतली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक बोर्न यांनी 1887 मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की विंचवाचं विष त्याला स्वतःला बाधत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. कळप सोडून जाणाऱ्या पेंग्विनची जी क्लिप फिरते ती दिग्दर्शक वर्नर हर्झोगच्या 2007 च्या माहितीपटातली आहे. त्यात त्याने पेंग्विन-अभ्यासकाला विचारलंच होतं की पेंग्विन वेडे होतात का, आणि उत्तर होतं की कधी कधी त्यांची दिशा चुकते. क्लिप कापणाऱ्यांनी हे उत्तर कापलं आणि करुण संगीत लावलं.

बरं, प्राण्यांना निराशा येते का? येते, किंवा आपण जिला निराशा म्हणू तिच्या फार जवळचं काहीतरी येतं. हे मला मान्य करावं लागतं आणि मेसेजवाल्याला तेवढं श्रेय देतो. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या आफ्रिकेतल्या गोम्बे जंगलातल्या नोंदी प्रसिद्ध आहेत: 1972 मध्ये फ्लो ही म्हातारी चिंपांझी मेली, तिचा साधारण साडेआठ वर्षांचा मुलगा फ्लिंट खाईना, कुणात मिसळेना, आजारी पडला आणि काही आठवड्यांत गेला. दुःखाने तो खचला यात शंका नाही. पण खचणं आणि ठरवून मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2018 मध्ये जे-35 नावाची ओर्का (डॉल्फिनच्याच कुळातला मोठा सागरी प्राणी) मादी मेलेलं पिल्लू सतरा दिवस डोक्यावर तोलत सुमारे 1,600 किलोमीटर पोहली. त्याहून उघडं दुःख कोणतं दाखवायचं? तीच मादी 2020 मध्ये पुन्हा व्याली.

ठरवून मरायचं तर आधी मरण म्हणजे काय हे कळलं पाहिजे, ते आपल्यालाही येणार हे कळलं पाहिजे आणि अमुक केलं की ते येईल हा हिशेब जमला पाहिजे. इटलीचे मानसोपचारतज्ज्ञ अंतोनियो प्रेती यांनी चाळीस वर्षांतलं संशोधन चाळून 2007 मध्ये मोठा आढावा लिहिला. रानातला प्राणी जाणूनबुजून जीव देतो याला आधार मिळत नाही, हा त्याचा निष्कर्ष. ‘आत्मघात ही सगळी किंवा काहीच नाही अशी गोष्ट नाही, तिच्या पायऱ्या असू शकतात’ असं म्हणणारे तत्त्वज्ञ आहेत, आणि तो वाद गंभीर आहे. पण तो फॉरवर्डवाल्यांचा वाद नाही.

‘निसर्गाचाच नियम’ हे वाक्य तर काढूनच टाकायला हवं. आधी खोट्या उदाहरणांची चळत रचायची आणि तिच्यावर उभं राहून खचलेल्या माणसाला सांगायचं की मरणं स्वाभाविक आहे. माणसाची निराशा हा उपचार होणारा आजार असू शकतो, आणि ती बोलून, औषधाने, सोबतीने ओसरते. नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई जेवते, झोपते, भाजी निवडते, तर ती कुत्र्यापेक्षा कमी प्रेम करणारी ठरत नाही. मावशीला मी फोनवर हेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

राहता राहिला डॉल्फिन. यादीतलं हे एकच उदाहरण मला सहज झटकता येत नाही. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही. प्रत्येक श्वास त्याला जागेपणी घ्यावा लागतो, म्हणून झोपतानाही त्याचा अर्धा मेंदू जागा असतो. ‘फ्लिपर’ या अमेरिकी टीव्ही मालिकेसाठी डॉल्फिन शिकवणारे रिक ओबॅरी सांगतात की 1970 मध्ये कॅथी नावाची डॉल्फिन त्यांच्या हातांत आली, एक श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. तिने आत्महत्या केली असं ते मानतात. पाहणारा एकच आणि तोही तिच्यावर जीव लावलेला, त्यामुळे पुरावा म्हणून हे मी धरत नाही. पण आत्महत्या हा शब्द उच्चारून ओबॅरी थांबले नाहीत. तिला टाकीत आणलं कुणी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. कॅथी गेल्यावर काही दिवसांतच ते बहामातल्या बिमिनी बेटावर गेले आणि तिथे डांबलेल्या दुसऱ्या एका डॉल्फिनला मोकळं करायचा प्रयत्न करताना पकडले जाऊन कोठडीत बसले.