खिम्याचा दगड करू नका
‘घाऊक आणलेला खिमा डब्यासकट फ्रीझरमध्ये ठेवा’ हे खिमा साठवण्या-पुरवण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी तसं केलं होतं. २ किलोचा दगड झाला! रात्रभर खाली फ्रिजमध्ये ठेवूनही मधोमध बर्फ, आणि कडांना पाणी सुटलेलं. आता आणल्या दिवशीच पाव-पाव किलोच्या पिशव्या भरते, हवा काढून लाटण्याने बोटभर जाडीच्या चपट्या करते. नवीन पदार्थ करून बघायचा असला की एकच पिशवी काढायची, म्हणजे बिघडला तरी पाव किलोच. कच्चा खिमा नुसत्या फ्रिजमध्ये १-२ दिवसांच्या वर ठेवूच नये, हेही लिहायला हवं होतं.

त्याच लेखातली मसूर घालून खिमा वाढवण्याची युक्ती मात्र फार आवडली. फक्त मसूर आधी शिजवून नीट निथळून घ्या, आणि खिम्याचं पाणी आटून तो तांबूस झाल्यावरच घाला.