हलकी सायकल, खाली हँडल, मोठा गिअर: तीन सल्ल्यांचा प्रतिवाद

जळगाव-धुळ्याच्या सायकलपटूंमध्ये एक संदेश सध्या फिरतो आहे: ट्रॅकवर, म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या लंबगोल धावपट्टीवर, जिंकायचे असेल तर सर्वांत हलकी सायकल घ्या, हँडल जमेल तितके खाली करा आणि अव्वल खेळाडूंचाच मोठा गिअर लावा. कापूस विकून मुलाला सायकल घेऊन देणारा पालक हे वाचून कर्ज काढू शकतो, म्हणून हे दावे तपासणे मला अगत्याचे वाटते.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किलोभर वजनही जाणवते, हे खरे; ट्रॅकवर मात्र चढ नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, आणि वाचवलेल्या वजनाचा फायदा मुख्यतः जागेवरून वेग घेतानाच होतो. पुढचा झगडा हवेशी असतो: हवेचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ताशी ४० किलोमीटरवरून ४४ वर जायला तिथेच सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते. हा विरोध बहुतांशी सायकलला नव्हे, तर स्वाराच्या शरीराला होतो. मर्यादित पैशांत आधी अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि योग्य हेल्मेट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हँडलविषयीचा दावा अर्धाच खरा आहे. धड आडवे झाल्याने विरोध घटतो. पण मांडी आणि धड यांतला कोन फार मिटला की श्वास कोंडतो आणि पेडलवरचा जोर कमी होतो. स्कॉटलंडचे सायकलपटू ग्रॅम ओब्री यांनी १९९३ मध्ये एका तासात ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला, तो छातीखाली हात दुमडून. ती बैठक पुढच्याच वर्षी नियमबाह्य ठरली, तरी खांदे आणि कोपरे आवळण्याचे महत्त्व तिने दाखवून दिले. हँडल थोडे थोडे उतरवत, तेवढ्याच श्रमात फेरीची वेळ सुधारते का, हे पाहावे. २०० मीटरच्या स्प्रिंटमध्ये निभणारी बैठक चार किलोमीटरच्या परस्यूटमध्ये (पाठलागाच्या शर्यतीत) शेवटपर्यंत टिकेलच असे नाही.

गिअरचे गणित सरळ आहे. पुढे पेडलच्या चक्रीला ५४ आणि मागच्या चाकाच्या चक्रीला १५ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेसात मीटर जाते. ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला १३० हून अधिक फेरे होतात, ४० ला मात्र जेमतेम ८८, आणि सुरुवातही जड होते. नवोदिताने ४९-१५ पासून आरंभ करावा.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात आणि पेडल थांबवून ती मोकळी सोडताही येत नाही. म्हणून भुसावळ महामार्गावरचा सराव ब्रेक असलेल्या रस्त्याच्या सायकलवरच व्हावा.