अण्णांच्या शर्टावरचे पिवळे ठिपके

मधमाशी पेटीच्या आत घाण करत नाही. पोटात साठवून ठेवते आणि बाहेर पडली की उडता उडताच मोकळी होते. ही माहिती मी मागच्या रविवारी अण्णांना मोठ्या कौतुकाने दिली. अण्णा भिंतीपलीकडे उभे होते, हातात पांढरा शर्ट, आणि शर्टावर मोहरीएवढे पिवळे ठिपके.

"म्हणजे तुमच्याकडे स्वच्छता आणि आमच्या दोरीवर शी," अण्णा म्हणाले. "छान वळण लावलंय वहिनी तुम्ही त्यांना."

ते ठिपके म्हणजे पचून उरलेली परागकणांची टरफलं, म्हणून पिवळी. कोरडी घासली तर कापडात मुरतात. आधी गार पाण्यात भिजवायचं, मग साबण. हेही मी सांगितलं. "तुम्हाला एवढं माहिती आहे तर..." असं म्हणून अण्णांनी शर्ट माझ्या बाजूला भिंतीवर टाकला आणि ते चहाला गेले. मी तो धुतला. राग अजून आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी: मागच्या पावसाळ्यात परसातल्या दोन्ही पेट्या गेल्या, एक रोगाने आणि एक आपल्या पंखांनी. या हिवाळ्यात सातेरीची, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाशीची, नवी वसाहत आणली. वाईसारख्या गावात यात बातमी होण्यासारखं काही नाही, महाबळेश्वरचं मध संचालनालय घाट चढलं की आलंच. पण अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. वाहणारी कुठलीही गोष्ट आपल्या अधिकारात येते अशी त्यांची समजूत आहे, आणि माझ्या माश्या त्यांच्या हद्दीवरून वाहतात.

पेटी अंधार पडल्यावरच हलवायची असते. सगळ्या माश्या घरी आल्या की दाराला तारेची बारीक जाळी ठोकायची, म्हणजे हवा खेळती राहते. वाहनात पेटी अशी ठेवायची की आतल्या पोळ्यांच्या लाकडी चौकटी गाडीच्या दिशेने उभ्या राहतील. आडव्या राहिल्या तर प्रत्येक ब्रेकला पोळी एकमेकांवर आपटतात आणि मधे राणी असली तर संपलंच. हे सगळं सांभाळून रिक्षा फाटकाशी आली, तर तिथे अण्णा.

"मागच्या कशाने गेल्या हो?" त्यांनी तेराव्याला आल्यासारख्या आवाजात विचारलं.

"आजार होता."

"टॉवर असणार. मोबाईलचा. माझ्या मेहुण्याकडच्या चिमण्या टॉवरनेच गेल्या."

"टॉवर नाही अण्णा, विषाणू."

"तेच ते. टॉवरमधूनच येतात."

पेटी दोन्ही हातांत असताना माणूस वाद घालू शकत नाही, म्हणून इथे घालते. या रोगाचं नाव थाई सॅकब्रूड. १९७६ मध्ये तो थायलंडमध्ये सापडला, आणि १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात शिरून त्याने सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती बसवल्या. उडणाऱ्या माशीकडे बघून काही कळत नाही, कारण मरते ती अळी. कोष व्हायच्या जरा आधी, आपल्या घरात उताणी, डोकं वर करून. चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेली पिशवी हाती येते. औषध नाही. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवायचं, की अंडी थांबतात. अंडी नाहीत म्हणजे अळ्या नाहीत, आणि अळ्या नाहीत म्हणजे विषाणूला वाढायला जागा नाही. तेवढ्या वेळात कामकरी माश्या मेलेल्या अळ्या ओढून बाहेर टाकतात आणि घरं साफ करतात. दमदार वसाहत यातून वाचते. जुलैतली अर्धपोटी वसाहत वाचत नाही.

"म्हणजे कुटुंबनियोजन," नंतर एवढं सांगितल्यावर अण्णा म्हणाले. "आणि दुसरी पेटी?"

"ती निघून गेली."

"पळून गेली? कुणाबरोबर?"

यावर गल्लीतल्या दोन पोरांनी खिदळून घेतलं. वास्तविक सातेरी पळून जाते हे तिच्याबद्दलचं पहिलं वाक्य असायला हवं. परदेशी मेलिफेरा सहसा पेटी धरून राहते. सातेरीला उपासमार, मुंग्या, मेणकिडा, दुपारचं ऊन किंवा सारखं उघडून बघणारा माणूस यांतलं काहीही खुपलं की ती सगळा संसार टाकून उठते. उठण्याआधी नोटीस मात्र देते. राणी अंडी घालायची थांबते, पायांना पराग लावून येणाऱ्या माश्या कमी होतात, साठवलेला मध संपवला जातो, आणि शेवटच्या अळ्या कोषातून बाहेर आल्या की एका उघडिपीला सगळ्या बाहेर. तिला थोपवायचा एकच उपाय चालतो: साखरपाणी द्यायचं आणि दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट तिच्यात ठेवायची. लेकरं टाकून माश्या सहसा जात नाहीत. पण शेजारची पेटी सॅकब्रूडने आजारी असताना तिची चौकट या पेटीत ठेवणं म्हणजे रोग हाताने नेऊन देणं. त्यामुळे बघत राहण्याला पर्याय नव्हता. हे अण्णांना समजावून सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही टॉवर केला असता.

रिकाम्या पेट्यांचं पुढे काय करायचं, हे कुणी विचारत नाही, आणि खरं काम तिथेच असतं. जुनी काळी पोळी मोहापायी ठेवू नयेत. सातेरीला ती आवडत नाहीत, कुरतडून खाली पाडते, आणि त्या चुऱ्यात मेणकिड्याची अळी जाळं विणत बोगदे काढते. रोगट पोळी तर जाळूनच टाकायची. निरोगी पोळी पाण्यात वितळवून मेण काढून घेता येतं. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी खळखळा उकळायची गरज नसते. पेटी आतून खरवडायची, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासायची, कडक उन्हात वाळवायची, आणि मग ब्लोलॅम्पची ज्योत सगळ्या सांध्याकोपऱ्यांतून लाकूड जरा तांबूस होईपर्यंत फिरवायची. तळपाट आणि भिंत यांच्या सांध्यात मेणकिड्याची अंडी राहतात, तिथे घाई करू नये. सुताराकडून नवी पेटी करून घेणार असाल तर पट्टी हातात घेऊन शेजारी उभे राहा. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकी मधपाळाने १८५१ मध्ये जी गोष्ट हेरली तिच्यावर आजची प्रत्येक पेटी उभी आहे: माशीला ये-जा करायला जेवढी वाट लागते तेवढीच सोडली तर ती वाट मोकळी राहते. सातेरीसाठी ही वाट सात ते नऊ मिलिमीटर. जास्त सोडली की तिथे पोळं बांधतात आणि चौकटी एकमेकींना चिकटतात. आमचे सुतार म्हणतात, "दोन-चार मिलिमीटरने काय होतंय ताई." होतं. चौकट उपसताना पोळं मधोमध फाटतं, हे होतं.

मग दिशा. पेटीचं दार पूर्वेला किंवा आग्नेयेला असावं, सकाळचं ऊन दारावर आलं की माश्या लवकर कामाला लागतात, आणि दुपारी सावली हवी. सगळी पुस्तकं इथवर बरोबर आहेत. माझ्या पूर्वेला अण्णा आहेत, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

"वास्तूप्रमाणे पूर्व बरोबर," अण्णांनी भिंतीवरून मान्य केलं. "पण सदर पूर्व आमची आहे."

यावर शास्त्रशुद्ध तोडगा आहे. दारासमोर चार-पाच फुटांवर सहा-सात फूट उंच शेडनेट किंवा गच्च कुंपण उभं करायचं. माश्या दारातून निघाल्या की त्यांना तिथे वर चढावंच लागतं, आणि मग त्या माणसांच्या डोक्यावरून जातात. नेट लावलं. आता माश्या अण्णांच्या डोक्यावरून जातात, आणि अण्णांचं म्हणणं, आधी निदान समोरून तरी यायच्या. शर्टाचं प्रकरण या उंचीवरच घडलं.

मुंग्यांसाठी स्टँडच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. अण्णांना त्यात डेंगी दिसला. त्यांचं हे एक म्हणणं रास्त होतं, म्हणून त्याचा जास्त राग आला. पाण्यावर चमचाभर खराब तेल सोडायचं आणि आठवड्याने वाटी पुसून पाणी बदलायचं. डासही नाहीत, मुंग्याही नाहीत. स्टँडला टेकून वाढलेलं गवत मात्र कापायचं, कारण मुंगी पूल शोधतेच.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे केळं. पेटी तपासायला मी ऊन आल्यावर, दहा-अकराला उघडते. आठ-दहा दिवसांतून एकदाच, तेवढं पुरे. नारळाच्या सोडणाचा गार धूर दारातून दोन फुंकर, जरा थांबायचं, झाकण, मग कडेची चौकट पहिली, मधली कधीही पहिली नाही. त्या दिवशी मधली चौकट हातात असताना भिंतीवर अण्णा आले आणि केळं सोलू लागले.

"अण्णा, केळं नका खाऊ इथे."

"का? माश्यांचा उपास आहे?"

मधमाशी डंख मारते तेव्हा डंखाजवळून एक वास सुटतो, आयसोअमिल ॲसिटेट त्याचं नाव, आणि तो हुबेहूब पिकलेल्या केळ्याचा असतो. त्या वासाचा अर्थ माश्यांच्या भाषेत 'इथे हल्ला आहे, सगळ्या या' असा होतो. हे मी चौकट हातात धरून, हळू आवाजात सांगितलं. अण्णांनी केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "विज्ञान आहे म्हणता" असं म्हणून उरलेलं केळं एका घासात तोंडात कोंबलं आणि साल माझ्याकडे टाकली. कंपोस्टसाठी, म्हणे. पेटीचा आवाज बदललेला मला ऐकू आला. डंख कुणाला बसले ते सांगायची गरज नाही. डंख बसला की उशीर करू नये. नखाने आडवा खरवडून टाकायचा, कारण विषाची पिशवी तुटल्यावरही पंप करत असते. हेही मी अण्णांना सांगितलं, पण ते हात धुवायला गेले होते.

तरी मध मागायला ते सगळ्यांत आधी आले. एका पेयाची जुनी काचेची बाटली घेऊन, झाकणासकट, नाव चिकटवून.

"आमचा कोटा यात," अण्णा म्हणाले. "हवाई वाहतुकीपोटी."

मध अजून तयार नाही. जांभूळ मार्च-एप्रिलमध्ये फुलतं, मग हिरडा, आणि वरच्या कप्प्यातली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय चौकट काढायची नसते. नाहीतर मधात पाणी जास्त राहतं आणि बाटलीत फसफसतं. परसातली सातेरी चांगल्या वर्षीही काही किलोंच्या पुढे फारशी जात नाही, त्यातला पावसाळ्यापुरता तिच्यासाठीच ठेवायचा असतो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि बजावलं की आपण मध तपासून घेतो. कुत्र्याला दाखवायचा, चाटला नाही तर अस्सल.

माझा तोल इथे जरा गेला. कुत्रं, पेटती काडी, पाण्याचा पेला, टिपकागद, यांतल्या कशानेही साखरेच्या पाकाची भेसळ कळत नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातले १३ ब्रँड जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा त्या चाचणीत तीनच उतरले. असे पाक बनतात की नेहमीच्या प्रयोगशाळेलाही चुकवतात, तिथे अण्णांचा मोत्या काय करणार? आणि हाच माणूस घाटात डबा घेऊन बसलेल्या कुणाकडून 'जंगली मध' घेतो, मेणाचा तुकडा वर तरंगतोय एवढ्या पुराव्यावर. खरा मध थंडीत थिजला की मात्र मला विचारणार, साखर घातली का वहिनी. थिजतो कारण त्यात ग्लुकोज असतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नाही. इतकंच असतं ते.

या आठवड्यात अण्णांनी गल्लीच्या ग्रुपवर एक संदेश टाकला: मधमाश्या संपल्या की चार वर्षांत मानवजात संपेल, असं आइन्स्टाइन म्हणून गेले. खाली हात जोडलेले. आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा कुठेच पुरावा नाही, पण ते जाऊ दे. त्याच्या खालचाच संदेश असा: उद्या संध्याकाळी डासांची धूरफवारणी, आणि सोबत पाण्याच्या टाकीवरचं आग्या माश्यांचं पोळं रात्री जाळून काढायला माणूस येतोय, घरटी वर्गणी ठरली आहे. आग्या माशी फिरती असते; काही महिन्यांनी आपण होऊन जाते, आणि जाळली तरी बहुतेकदा पुढच्या हंगामात त्याच जागी दुसरी वसाहत येते. मी दोन वर्षं ओरडतेय. सातेरी वेगळी आणि आग्या वेगळी, हेही अजून कुणाला पटलेलं नाही. आग्याचा डंख आठवतो आणि माझ्या पेटीकडे बोट दाखवतात.

फवारणी थांबवणं माझ्या हातात नाही. अंधार पडता पडता सगळ्या माश्या आत आल्या की दाराला जाळी, पेटीवर ओलं गोणपाट, हवेला फट, आणि सकाळी वास गेल्यावर जाळी काढायची. एवढं करता येतं, फक्त वेळ नक्की कळायला हवी. सहाला धूर सोडला तर अर्ध्या माश्या बाहेर असतात. म्हणून मी ग्रुपवर विचारलं, फवारणी किती वाजता आणि औषध कुठलं.

अण्णांचं उत्तर आलं: "वेळ फवारणीवाल्याच्या सोयीने. शर्टाची कॉलर नीट निघाली नाहीये, वहिनी."